समुद्रपुष्पाचे घरगुती संगोपन : मार्गदर्शनपर लेखनाची चिकित्सा (गोंदिया जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश : खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात समुद्रपुष्प कसे निरोगी ठेवावे, याविषयी विपुल मार्गदर्शनपर लेखन उपलब्ध आहे. त्यातील सूचना बहुतांशी शास्त्रशुद्ध आहेत. तथापि, या सूचनांमागे विशिष्ट हवामान, विशिष्ट बाजारपेठ आणि प्राण्याच्या आयुष्याविषयीची एक विशिष्ट कल्पना गृहीत धरलेली असते. प्रस्तुत लेखात ही गृहीतके समुद्रापासून दूर असलेल्या गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात तपासली आहेत.

बीजशब्द : समुद्रपुष्प, आंतरगुही प्राणी, कृत्रिम समुद्रजल, सहजीवन, मालगुजारी तलाव, हायड्रा.

प्रास्ताविक

गोंदियाहून मुंबईचा समुद्र रेल्वेमार्गाने साडेनऊशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. सरळ रेषेत मोजल्यास बंगालचा उपसागर आपल्याला अधिक जवळ पडतो. परंतु मराठी माणसाच्या मनातील समुद्र पश्चिमेचाच असल्यामुळे ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. अशा जिल्ह्यात समुद्रपुष्पाच्या संगोपनाची चर्चा करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. प्रयोजन दुहेरी आहे. एक तर काचेच्या पेटीतील समुद्र ही आता केवळ किनाऱ्यावरील शहरांची हौस राहिलेली नाही. मिठाच्या पिशव्या, दिवे, पंप आणि जिवंत प्राणी कुरियरने कोठेही पोहोचतात. दुसरे असे की, आपल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतून समुद्रपुष्प पिढ्यानपिढ्या शिकवले जात आहे आणि फॉर्मॅलीनमधील नमुन्याऐवजी जिवंत प्राणी विद्यार्थ्यांना दाखवावा, ही इच्छा कोणाही प्रामाणिक अध्यापकाच्या मनात येणारच. ती इच्छा कितपत रास्त आहे, हे ठरवण्यासाठी मार्गदर्शनपर लेखन हेच आपले पहिले साधन असते. म्हणून त्या साधनाची चिकित्सा आवश्यक ठरते.

नाव आणि नमुना

‘समुद्रपुष्प’ हा शब्द सुंदर आहे, पण फसवा आहे. इंग्रजीतील नावही एका फुलझाडावरूनच आलेले आहे. फूल म्हटले की पाणी घालावे, उजेडात ठेवावे आणि कोमेजले की दुसरे आणावे, असा एक संस्कार मनात आपोआप जागा होतो. प्रत्यक्षात हा मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या संस्पर्शकांवर दंशकोशिका असतात, त्यांच्या साहाय्याने तो लहान मासे व कोळंबी पकडतो, तळव्यासारख्या बिंबाने खडकाला चिकटतो आणि जागा न रुचल्यास सावकाश चालत दुसरीकडे जातो. मार्गदर्शनपर लेखनात त्याच्या चालण्याचा उल्लेख ‘अडचण’ म्हणून येतो : फिरता फिरता ते पंपाच्या तोंडात ओढले जाते व त्याच्या चिंधड्या होतात, म्हणून पंपाला स्पंजचे आवरण घालावे, अशी सूचना असते. सूचना योग्यच आहे. परंतु ते का चालले, उजेड कमी पडला की पाण्याचा प्रवाह जास्त झाला, हा प्रश्न दुय्यम राहतो. चालणे ही या मुक्या प्राण्याची एकमेव तक्रार आहे, असे समजून ती वाचली पाहिजे.

पाठ्यपुस्तकांची स्थिती याहून वेगळी नाही. भारतीय विद्यापीठांच्या जुन्या अभ्यासक्रमांत समुद्रपुष्पाचा प्रातिनिधिक नमुना म्हणून मेट्रिडियम शिकवले जात आले. हे उत्तर अटलांटिक व उत्तर पॅसिफिकच्या थंड पाण्यातील प्राणी. आपल्या किनाऱ्यावर त्याचा आढळ नाही. ते आपल्याकडे आले ते ब्रिटिश व अमेरिकी पाठ्यपुस्तकांच्या पानांतून. वस्तुतः मुंबईच्या किनाऱ्यावरील समुद्रपुष्पांवर अरुण परुळेकर यांचा शोधनिबंध बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९६८ मध्येच प्रसिद्ध झाला होता. गिरगाव, हाजी अली येथील खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी हे प्राणी आजही पाहता येतात. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाद्वारे सामान्य नागरिकांना ते दाखवले गेले आहेत. तरीही विदर्भातील विद्यार्थी उत्तरपत्रिकेत मेट्रिडियमची आकृती काढत राहिला. ज्याने नमुनाच परक्या समुद्रातून घेतला, त्याने संगोपनाचे नियमही परक्या हवामानातून घ्यावेत, यात नवल नाही.

सूचनांचे अंकगणित

बहुतेक मार्गदर्शिका ज्या अटी सांगतात, त्या साधारणपणे अशा : पाण्याची क्षारता दर हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५, तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, सामू ८.१ ते ८.४, अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट अत्यल्प, तीव्र उजेड, आणि प्राणी सोडण्यापूर्वी टाकी किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर, चाललेली असावी. यांतील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे व तीच सर्वांत जास्त मोडली जाते. नव्या टाकीत अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू पुरेसे स्थिरावलेले नसतात आणि रासायनिक चढउतार सतत होत असतात. मासा असा चढउतार काही काळ सोसू शकतो. समुद्रपुष्पाला मात्र शरीरातील पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा वेगळे राखण्याची सोय जवळजवळ नाही.

हे आकडे चुकीचे नाहीत. ते अपुरे आहेत, कारण ते स्थिर अवस्थेचे वर्णन करतात आणि ती अवस्था टिकवण्याचा खर्च सांगत नाहीत. एक साधे उदाहरण घेऊ. दोनशे लिटरच्या टाकीत ३५ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात सात किलो क्षार असतात. बाष्पीभवनाने केवळ पाणी जाते, क्षार मागे राहतात. विदर्भाच्या मे महिन्यात दोन-तीन दिवसांत दहा लिटर पाणी उडाले, तर उरलेल्या १९० लिटरांत क्षारता ३६.८ होते. नवखा पालक ही तूट खाऱ्या पाण्याने भरून काढतो व क्षारता आणखी वाढवतो. तूट गोड्या, शुद्ध पाण्याने आणि तीही रोज थोडी थोडी भरावी लागते. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले तर वर्षाला सुमारे एक हजार चाळीस लिटर समुद्रजल तयार करावे लागेल आणि त्यासाठी छत्तीस किलोंहून अधिक मिश्रक्षार लागतील. स्वयंपाकघरातील मीठ येथे चालत नाही. समुद्रातील क्षारांत क्लोराइड व सोडियम मिळून सुमारे ८५ टक्के असले, तरी उरलेल्या १५ टक्क्यांतील सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांवाचून हा प्राणी जगत नाही.

पाण्याचे तेच. बोअरवेलचे जड पाणी किंवा नळाचे क्लोरीनयुक्त पाणी थेट वापरता येत नाही. आरओ यंत्राने शुद्ध केलेले पाणी घ्यावे तर प्रत्येक लिटरमागे त्याहून अधिक पाणी मोरीत जाते. हे पाणी झाडांना घालावे, अशी तळटीप देऊन मार्गदर्शिका मोकळ्या होतात.

तापमानाचा प्रश्न मात्र खरा कठीण आहे आणि तेथे आयात केलेली मार्गदर्शिका जवळजवळ निरुपयोगी ठरते. गोंदियात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाऊ शकतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो दहा अंशांच्या आसपास उतरतो. थंड प्रदेशातील लेखक तापक लावण्यास सांगतो. उष्णप्रदेशीय किनाऱ्यावरचा लेखक शीतक लावण्यास सांगतो. येथे एकाच वर्षात दोन्ही लागतात. समुद्रपुष्पाच्या ऊतींत एकपेशीय सहजीवी शैवाल राहते व ते प्रकाशसंश्लेषणाने यजमानाला अन्न पुरवते. पाणी दीर्घकाळ ३०-३१ अंशांच्या वर राहिले की हे शैवाल निघून जाऊ लागते व प्राणी पांढरा पडतो. शीतक महाग आहे आणि वीज गेल्यावर तो निरुपयोगी आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावण्याचा स्वस्त उपाय एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो. आपल्या घरातील कूलर ज्या तत्त्वावर चालतो, तेच हे तत्त्व आहे. परंतु त्यामुळे बाष्पीभवन वाढते व वर मांडलेले क्षारतेचे गणित अधिक बिकट होते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की तोच पंखा काही उपयोगाचा राहत नाही. पावसाने उघडीप दिल्यावरचे उकाड्याचे चार दिवस त्या वेळी मेपेक्षाही धोक्याचे असू शकतात. कूलर जुलैत का बंद करावा लागतो, हे विदर्भातील गृहिणीला सांगावे लागत नाही. मत्स्यालयाच्या पुस्तकात मात्र हे कोठे आढळत नाही.

निरोगी कशास म्हणावे

मार्गदर्शनपर लेखनातील सर्वांत मोठी उणीव ‘निरोगी’ या शब्दाच्या वापरात आहे. लक्षणांची यादी सर्वत्र सारखीच असते : संस्पर्शक चिकट असावेत, मुख मिटलेले असावे, तळवा घट्ट धरलेला असावा, रंग तपकिरी वा हिरवट असावा. मुख सैल उघडे पडणे, तळवा सुटणे आणि रंग उडणे ही आजाराची चिन्हे होत. मधूनमधून प्राणी आकसून लिबलिबीत गोळा होतो, ते मात्र बहुधा आजाराचे चिन्ह नसते. आतील जुने पाणी टाकून नवे घेण्याची ती रीत आहे. नवशिका घाबरून त्याला हात लावतो, जागा बदलतो आणि खरे नुकसान तेथे होते. बाजारात कधी कधी शुभ्र पांढरी किंवा भडक पिवळी, जांभळी समुद्रपुष्पे ‘दुर्मीळ’ म्हणून विकली जातात. पांढरे म्हणजे शैवाल गमावलेले आणि अनैसर्गिक भडक म्हणजे बहुधा रंगवलेले. दोन्ही उपाशी प्राणी आहेत.

या यादीत एक गोष्ट सांगितलेली नसते. समुद्रपुष्पाला सांगाडा नाही. अन्न कमी पडले की ते स्वतःच्या ऊती वापरत लहान होत जाते. ते मरत नाही, वास मारत नाही, रंगही काही काळ टिकवते. केवळ आकाराने घटते. महिनोन्‌महिने चाललेला हा ऱ्हास पालकाच्या डोळ्यांना दिसत नाही, कारण तो रोज पाहतो. मग एके दिवशी ‘अचानक’ मृत्यू येतो आणि कुजणारे शरीर उरलेल्या टाकीलाही संकटात टाकते. यावर उपाय महागडा नाही : मुखबिंबाचा व्यास दर महिन्याला पट्टी काचेला लावून मोजावा व वहीत टिपावा. आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा वा माशाचा लहान तुकडा द्यावा. मोठा तुकडा बहुधा ओकला जातो व पाणी बिघडवतो. माशांच्या रोगावरील तांबेयुक्त औषध त्या टाकीत कधीही घालू नये. ते समुद्रपुष्पाला विष आहे.

२००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटानंतर विदूषक मासा आणि समुद्रपुष्प ही जोडी घरोघरी ठाऊक झाली. विक्रेते ती जोडी अविभाज्य म्हणून विकतात. निसर्गात ते बऱ्याच अंशी खरेही आहे : भक्षकांपासून बचावासाठी मासा यजमानाला सोडत नाही. टाकीत मात्र भक्षकच नसल्याने विदूषक मासा समुद्रपुष्पाविना उत्तम जगतो व प्रजननही करतो. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचे तंत्र बसवलेले आहे. म्हणजे हौस माशाची असेल, तर समुद्रातून काहीही न काढता ती भागू शकते. समुद्रपुष्पाची गोष्ट निराळी आहे आणि ती निराळी का आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

एडिंबरोची बरणी

१८२८ मध्ये स्कॉटलंडमधील निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलियेल यांनी नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक लाल समुद्रपुष्प आणून काचेच्या लहान बरणीत ठेवले. डॅलियेल गेले, बरणी पुढच्या अभ्यासकाकडे गेली, तेथून आणखी पुढे. ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, या नावाने प्रसिद्ध झालेला तो प्राणी १८८७ पर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षे, जगला आणि त्या काळात त्याने शेकडो पिल्लांना जन्म दिला. त्याच्याजवळ पंप नव्हता, दिवा नव्हता, गाळणयंत्र नव्हते. ठरल्या वेळी बदललेले ताजे समुद्रजल आणि शिंपल्याच्या मांसाचा तुकडा, एवढ्यावर ते चालले.

उपकरणांवर भर देणाऱ्या आजच्या लेखनाला या बरणीने विचार करायला लावायला हवा. पण ही कथा केवळ ‘साधेपणाने जमते’ अशी वाचली तर ती अर्धीच वाचली जाईल. तो थंड पाण्यातील, ओहोटीच्या रेषेवर हालअपेष्टा सोसणारा प्राणी होता, आणि एडिंबरोला समुद्र हाकेच्या अंतरावर होता. आपल्याकडे १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालयही मरीन ड्राइव्हवर, समुद्राला लागूनच उभारले गेले, हा योगायोग नव्हे. गोंदियात त्या ताज्या पाण्याच्या जागी आपण यंत्रे, मीठ आणि वीज ठेवतो. वीज चार तास गेली तर यंत्राबरोबर समुद्रही थांबतो.

या कथेतील आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एकोणसाठ वर्षे म्हणजे अनेक पालक. घरगुती मत्स्यालयात समुद्रपुष्प दोन-तीन वर्षे राहिले तर पालक समाधानी असतो व त्याला ‘यश’ म्हणून नोंदवतो. ज्याचे आयुष्य अनेक दशकांचे असू शकते, त्याच्या बाबतीत तीन वर्षे हे यश की अकाली मृत्यू? मार्गदर्शिका हा प्रश्न विचारत नाहीत, कारण त्यांचा वाचक प्राणी विकत घेणारा असतो.

खडक रिकामे कसे होतात

हौसेने किनारे ओस पडतात, याचा दाखला याच इतिहासात आहे. फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक लिहिले, समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृती दिली आणि समुद्रपुष्पांवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्या लेखनाने भारावलेले लोक किनाऱ्यांवर लोटले. त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ च्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात, वडिलांनी वर्णिलेली खडकांतील ती समृद्ध डबकी कशी उद्ध्वस्त झाली, हे खेदाने नोंदवले आहे. उत्तम मार्गदर्शक लिहिणाऱ्याच्या घरातूनच आलेली ही टीका आहे. म्हणूनच तिचे वजन अधिक.

विदूषक माशांना आश्रय देणाऱ्या समुद्रपुष्पांच्या केवळ दहाच जाती परंपरेने मानल्या गेल्या आहेत. डॅफ्नी फॉटिन व जेराल्ड ॲलन यांनी १९९२ च्या आपल्या क्षेत्रमार्गदर्शिकेत या प्राण्यांचे दीर्घायुष्य आणि त्यांची सावकाश होणारी भरपाई यांकडे लक्ष वेधले होते. एक मोठे समुद्रपुष्प उचलले की त्यावरील माशांचे घर जाते आणि नवे घर तयार होण्यास फार काळ लागतो. फुगीर टोकांच्या संस्पर्शकांची एन्टॅकमिया ही जाती टाकीत स्वतःचे शरीर दुभंगून वाढते. तिची टाकीत वाढलेली पिल्ले मिळवणे शक्य आहे व कोणाला हा छंद करायचाच असेल, तर एवढीच एक वाट थोडी निर्दोष आहे. इतर बहुतेक जाती थेट समुद्रातून येतात. मार्गदर्शिका ज्या ‘जिवंत खडका’ची शिफारस करतात, तो मुख्यतः प्रवाळांचा सांगाडा असतो; आणि आपल्या देशात दगडी प्रवाळांच्या सर्व जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परदेशी लेखकाची शिफारस येथे जशीच्या तशी पाळणारा अध्यापक नकळत गुन्ह्याच्या कक्षेत जाऊ शकतो. महाविद्यालयाच्या खरेदी समितीने हे ध्यानात ठेवावे.

बोडीतील भावंड

जिवंत आंतरगुही प्राणी विद्यार्थ्यांना दाखवायचा, हा मूळ हेतू शिल्लक राहतोच. त्यासाठी समुद्रच लागतो, ही समजूत मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचा व बोड्यांचा हा जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होताना त्याच्या वाट्याला नवेगाव बांधासारखा तलाव आला. मारुती चितमपल्ली यांनी नवेगाव बांधच्या वास्तव्यात येथील माणसांकडून पाखरांची, माशांची, झाडांची नावे आणि सवयी गोळा केल्या आणि त्यातून मराठीला शब्द मिळाले. ढीवर समाजाला पाण्यातील गवत व मासे यांचा संबंध पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, हे ज्ञान तलावाच्या काठी मिळते. बेशरमीच्या झुडपांनी आणि बाहेरून सोडलेल्या माशांच्या बीजाने अनेक तलावांतील ही मूळ वनस्पती नष्ट झाली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवरांच्या सहभागाने ती पुन्हा लावण्याचे काम केले आहे.

याच पाणवनस्पतींवर समुद्रपुष्पाचे एक सख्खे भावंड राहते : हायड्रा. आकार अवघा काही मिलिमीटर; पण तेच मुख, तेच संस्पर्शक, त्याच दंशकोशिका. हिरव्या हायड्राच्या पेशींत शैवालही राहते, म्हणजे सहजीवनाचा पाठसुद्धा येथे शिकवता येतो. आब्राम ट्रेम्ब्ले यांनी १७४४ मध्ये त्याच्या पुनर्जननाचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्राण्यावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. हिवाळ्यात हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरियाची चार पाने बोडीच्या पाण्यासह पसरट काचपात्रात ठेवून काही तास हलवू नयेत. हायड्रा असल्यास काचेवर उजेडाच्या बाजूला उतरलेले दिसतात. डाफ्निया हे त्यांचे अन्न त्याच पाण्यात मिळते. थंड जागी ठेवल्यास ते टिकतात, मुकुलनाने वाढतात. उन्हाळ्यात पात्र रिकामे झाले तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बोडीवर जाता येते. मात्र ज्या बोडीत गवत उरलेले नाही, तेथे ते सापडण्याची आशा फारशी नसते, आणि अशा बोड्यांची नोंद घेण्याचे काम जिल्ह्यातील एकाही प्राणिशास्त्र विभागाच्या आवाक्याबाहेरचे नाही.